तिरफळांच्या डब्यातला सेल

माझे बाबा चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर होते आणि त्यातली निम्मी इंजिनाशेजारी बसून. त्यामुळे साठी ओलांडल्यावर त्यांना ऐकू येईनासं झालं, यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्यांच्या उत्तराचं. "माका सगळा ऐकाक येता. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलतास," असं ते म्हणायचे. हे ते कुणाला सांगत होते, तर माझ्या आईला. आई वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकते. तोंडातल्या तोंडात बोलणं तिला जन्मात जमलेलं नाही.

शेवटी मीच शाळेतल्या नोकरीतून दोन दिवस रजा काढून त्यांना दवाखान्यात नेलं. दोन कानांची दोन यंत्रं घेतली. त्यात घालायचे सेल एवढेसे, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. सहा सेलांचं एक पान मिळायचं, प्रत्येक सेलावर रंगीत चिकटपट्टी. एक सेल साधारण आठवडाभर टिकेल, असं तिथल्या मुलीने सांगितलं होतं.

पंधरा दिवसांत बाबांचे तीन पानं सेल संपले.

मी त्यांच्या खोलीत गेले तर टेबलावर सगळे सेल पट्ट्या काढून ओळीने मांडलेले. "तयार करून ठेवलंय," बाबा म्हणाले. "आयत्या वेळार खटपट नको."

मग मी त्यांना समजावलं. पट्टी काढली की सेलात हवा शिरते आणि तो जागा होतो. जागा झाला की वापरा किंवा नका वापरू, तो संपायला लागतो. पट्टी परत चिकटवून उपयोग नाही. उलट पट्टी काढून पाच मिनिटं तसाच ठेवला आणि मग यंत्रात घातला, तर जास्त टिकतो.

बाबांनी हे इतक्या लक्ष देऊन ऐकलं की मलाच बरं वाटलं. "म्हणजे ह्यां माशाच्या उलटां," ते म्हणाले. "मासो वाऱ्यार इलो की मरता, हो वाऱ्यार इलो की जगता."

त्या दिवसापासून त्यांना सेलांचा नाद लागला. दुपारी झोपताना यंत्राचं झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे यंत्र बंद राहतं आणि सेल खर्च होत नाही. खाऱ्या हवेने आतली पत्री गंजते म्हणून ती कोरड्या फडक्याने पुसायची. बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या शेजारपाजारहून गोळा केल्या. एकदा सेल फ्रीजमध्ये ठेवून पाहिले. बाहेर काढल्यावर सेलांनाच घाम फुटला, तेव्हा तो बेत सोडला. मग घरात सगळ्यात कोरडी जागा कुठली, याचा शोध सुरू झाला आणि ती त्यांना स्वयंपाकघरात सापडली.

एका रविवारी मी खोबरं खवत बसले होते. आईने तिखल्यासाठी बांगडे चुलीवर ठेवले, तिरफळांच्या डब्यात हात घातला आणि थबकली.

"गो, ह्यां तिरफळ चकाकता कित्याक?"

तिच्या तळहातावर चार तिरफळं होती आणि एक सेल. मी तो झडप घालून उचलला. असला सेल पोटात गेला तर जिवावर बेततं, हे मला ठाऊक होतं. आई मात्र पडवीकडे तोंड करून कडाडली, "ओ! आता काय सेलांचा तिखला करू?" बाबांनी पडवीतून मान डोलावली. यंत्राचं झाकण उघडं होतं, त्यांना जेवण तयार असल्याचं वाटलं.

त्याच आठवड्यात मी नवीन यंत्रं घ्यायचं ठरवलं. ही चार्ज होणारी. रात्री डबीत ठेवायची, सकाळी कानात घालायची, सेलांची भानगडच नाही. शिवाय मोबाइलला जोडता येतात. बाबांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून दवाखान्यातल्या मुलीने ती आईच्या फोनला जोडून दिली. "काकी, आता यांच्या कानातला आवाज तुम्हीच कमीजास्त करा," ती म्हणाली. आई इतकी खूश झाली की येताना बसमध्ये तिने दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा बाबा दचकले.

पण त्या जोडणीचं आणखी एक अंग होतं, ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं. चार दिवसांनी बांद्याहून मावशीचा फोन आला. आईने उचलला. "हॅलो... हॅलो... गो, ऐकाक येणा नाय!" ती नुसती ओरडत होती. मी फोन घेऊन पाहिला, तर बोलणं चालू दिसत होतं आणि आवाज काही नाही. मी बटणं दाबत बसले.

यंत्रं त्याच फोनला जोडलेली, म्हणून मावशीचा आवाज पडवीत पोचत होता, थेट बाबांच्या कानात. ती विचारत होती, "घसो कसो आसा आता? डॉक्टरान मोठ्यान बोलूक नको म्हणान सांगितल्यान ना? मगे त्येका सांग एकदा. किती दिवस लपवतलंस?"

बाबा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा उतरलेला.

"तुझ्या घशाक काय झालां?"

आईने चुलीतली लाकडं पुढे सारली. तिचा आवाज बसलेला असतो, हे मी रोज ऐकत होते. बाजारात ओरडून बसला असेल म्हणून मी कधी विचारलंही नव्हतं.

"माका कित्याक नाय सांगितलंस?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"तुमका सांगूचा म्हणजे परत बोंब मारूची," आई म्हणाली. "मगे घसो आणखी बसतलो."

मला हसू आलं, पण बाबा हसले नाहीत. ते पाटावर बसले आणि जमिनीकडे बघत आईला म्हणाले की सेल वाचवायला म्हणून झाकण उघडं ठेवायचो खरा, पण कधीकधी नुसता कंटाळा यायचा म्हणूनही. तू ओरडत असायचीस ते कळायचं. सेल संपला असं सांगितलं की सुटायचो.

आईने चुलीवरचं भांडं उतरवलं. "म्हायत होतां माका," ती म्हणाली, अगदी हळू, आणि ते बाबांना ऐकू गेलं.

संध्याकाळी मी फोनमधली ती सोय बंद करून टाकली. मावशीला फोन लावून काय झालं ते सांगितलं, तर ती आधी घाबरली आणि मग इतकी हसली की तिलाच ठसका लागला. पुढच्या सोमवारी आईला घेऊन बाबा स्वतः डॉक्टरकडे गेले. तिथे काय विचारायचं ते त्यांनी कागदावर लिहून नेलं होतं. गोळ्या मिळाल्या आणि महिनाभर बाजारात हाका मारायची बंदी. तो महिना बाबा तिच्या टोपलीमागे बसले. गिऱ्हाइकांना बांगड्याचा भाव सांगायचे, तोही बोटीवरच्या आवाजात, आणि आई त्यांना कोपराने ढोसून हळू बोलायला सांगायची.