तिसऱ्या माळ्यावर माग कुठी मांडायचा?

आज घरी आलं ते असं: गोडेतेलाची पिशवी दीडशे, वांगी वीस, देवाची फुलं दहा. आणि नगरपरिषदेचं पत्र, ते फुकट.

बायांनो, आमची विणकरांची गल्ली आता व्यापारी पट्ट्यात गेली. इथं दुकानांचं संकुल होणार आणि आम्हाला गावाबाहेर घरकुल मिळणार, तिसऱ्या माळ्यावर.

दुपारी सासऱ्यांना, मामाजींना, घेऊन नगरपरिषदेत गेले. आमचा माग जमिनीतला आहे. खाली खड्डा असतो, त्यात पाय सोडून विणतात.

मामाजी म्हणाले, "साहेब, तिसऱ्या माळ्यावर खड्डा कुठी खणू? खालच्याच्या डोक्शावर पाय सोडू का?"

सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, "काकाजी, या वयात माग कायले पायजे? आराम करा. ठराव झाला आता." आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येऊन दिवा लावला, पण देवाला काय सांगावं ते सुचेना. पक्कं घर दे म्हणून इतकी वर्षं मीच त्याच्या मागं लागले होते.

तेवढ्यात मामाजींनी विचारलं, "सूनबाई, हे लुगडं संपत आलं. नवा ताणा लावू का नको?" मागावर उभ्या धाग्यांचा एक ताणा लागला की महिनोन्महिने विणकाम चालतं. मी हे लिहायला बसले.

तुमसर, मोहाडी, पवनीकडं कोणाला घरकुलात तळमजला मागून मिळाला असेल, तर अर्ज कोणाकडं केला ते आजच उलट कळवा. मामाजी मागाजवळच बसून राहिले आहेत.