न बोलायचं वाक्य

शेलूबाजारच्या शालिकरामांची वांगी-मेथीची वाडी. त्यांची प्रियदर्शनी एम.ए. झाली, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता कुठल्यातरी कॉलेजात शिकवायला लागेल. ती निघाली पोहरादेवीकडच्या एका बंजारा तांड्यावर, त्यांच्या गोरमाटी बोलीचं व्याकरण लिहायला. एकटी पोर जीपा बदलत जाते-येते, म्हणून आईचा जीव टांगणीला. पण तिच्या चिकाटीपुढं आईचंही काही चाललं नाही.

तिची पद्धत साधी होती. ‘याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात’ असं विचारत बसलं की माणसं मराठीच्या साच्यातलं काहीतरी सांगून मोकळी होतात, हे तिनं लवकरच ओळखलं. म्हणून ती तांड्यावरच्या म्हाताऱ्या भुरीबाईच्या ओसरीवर शेंगा फोडायला बसायची, रेकॉर्डर चालू ठेवायची आणि म्हातारीला मनसोक्त बोलू द्यायची. मग ऐकलेल्यावरून स्वतः एखादं नवं वाक्य जुळवायची. “याडी, असं म्हणतात का?” याडी म्हणजे आई.

चुकलं की भुरीबाई खो-खो हसायची. “तुह्या तोंडात आमची बोली म्हंजे लंगडी म्हैस!”

सून संगीताही हसायची. त्या हसण्यातूनच प्रियदर्शनीला नियम सापडायचा.

नकाराची वाक्यं जुळवायची वेळ आली आणि घात झाला. ओळखीचं नाव घेतलं की बोलणारा खुलतो, म्हणून तिनं भुरीबाईच्या मुलाचं, किशनचं नाव घेतलं. किशन तेव्हा कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेला होता. ती गोरमाटीत म्हणाली, “किशन परत आला नाही.” वाक्यात एकही चूक नव्हती.

भुरीबाई हसली नाही. तिनं शेंगांचं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

संगीता जीपपर्यंत सोडायला आली. नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, “ताई, बाहेर गेलेल्या माणसाचं असं बोलत नसतेत. तोंडातून निघालं का खरं होते. अन् तुमी त ते मशीनमधी भरून ठेवलं.”

“मग आता?”

“आता काय! ते मशीनमधी हाय तवर आत्याबाई तुमच्याशी बोलत नाई.”

प्रियदर्शनी रात्रभर तळमळली. त्याच रेकॉर्डिंगमध्ये नवरीनं माहेर सोडताना रडत गायचा ढावलो होता, किती आर्जवं करून मिळवलेला. नुसतं ते वाक्य कापता आलं असतं. पण अशा कापाकापीवर म्हातारीचा विश्वास बसला नसता. सकाळी ती बंद दाराशी जाऊन बसली. दार किलकिलं झालं, तसं तिनं भुरीबाईसमोर सगळं पुसून टाकलं.

“पुसलं?”

“पुसलं. पण याडी, एक प्रत या लॅपटॉपमध्ये पण आहे.”

हे ती बोलली नसती, तर म्हातारीला जन्मात कळलं नसतं. तिनं तीही पुसली.

भुरीबाई दार उघडून बाहेर आली. मग ओसरीवर टेकली. “तुले नाई-नाईच पाह्यजे ना? मंग माणसाचं नोको विचारू. बकरीचं विचार.”

“तुमची बकरी?”

“माही कायले? हरिसिंगची घे!”

मग काय! शेजारच्या हरिसिंगची बकरी रोज आली नाही, चरली नाही, व्याली नाही, विहिरीत पडली आणि निघालीच नाही. भुरीबाई अशी रंगली, की प्रियदर्शनीला थांबवणं कठीण झालं. शेवटी कुडापलीकडून हरिसिंगच उठून आला.

“काहून व काकी, माही बकरी रोज मारून राह्यली? गाभण हाय ते!”

भुरीबाईनं पदर तोंडाला लावला. प्रियदर्शनीनं रेकॉर्डर उचलला. “दादा, चुकलं. हेही पुसते.”

“पुसा. अन् कोल्ह्याचं विचारा ना. कोल्हा घरी नाई आला त कोणाचा जीव जाते?”

आणि परत जायचं सोडून तो तिथंच उकिडवा बसला. कोल्ह्याचं पहिलं वाक्य त्यानंच सांगितलं. दुसरं सांगायला भुरीबाईनं त्याला तोंडच उघडू दिलं नाही.