रुकैयाचं मत

रुकैयाच्या मुलीचा, साजिदाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच बोलली. हृदयविकाराचा झटका... त्याला आता दीड महिना होईल.

रुकैया आणि मी जोगेश्वरीच्या शाळेत बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसलो. ती नागरिकशास्त्र शिकवायची, मी मराठी. ती रत्नागिरीकडची, मी मालवणची. दोस्ती जमली ती सुक्या बांगड्यावरून. निवृत्तीनंतर तिनं शरियतचे ग्रंथ वाचायला घेतले आणि एक दिवस वस्तीतल्या मशिदीच्या विश्वस्तांकडे अर्ज दिला, की विश्वस्त जमातीच्या मतदानानं निवडा, बायकांनाही मत द्या. इथं सत्ता अल्लाची, माणसांच्या मतांची नाही, असं तिला सांगण्यात आलं. ती शांतपणे म्हणाली, "सत्ता अल्लाची, हे मलाही मान्य. म्हणजे ती तुमचीही नाही ना? आपसात सल्ल्यानं कारभार करा, हे शरियतच सांगते."

मग हळूहळू सगळं आवळत गेलं. शिकवणीची मुलं यायची बंद झाली. फोन वाजायचा, पलीकडून कुणी बोलायचं नाही, फक्त श्वास ऐकू यायचा. बाजारात ओळखीच्या बायका तिला पाहून वाट बदलायच्या. त्यातच मुसलमानांविरुद्ध भाषणं ठोकणारा एक पुढारी आला. शरियत आणि लोकशाही एकत्र नांदूच शकत नाहीत, असं तिनं त्याच्या सभेत सांगावं, बाकी तो बघून घेईल. तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. "संविधानात 'आम्ही भारताचे लोक' म्हटलंय ना, त्या लोकांत मी रोजा धरूनच आहे," म्हणाली. त्यानंतर तसले फोन वाढले. कुणाचे, ते कळायला मार्ग नव्हता.

मी म्हटलं, सोड ना गं आता. "भीती वाटते गं," म्हणाली, "पण मुलांना इतकी वर्षं काय शिकवलं मी?"

शेवटी अर्जावर चर्चा करायला जमातीची सभा ठरली. दोन दिवस आधी ती गेली. दुखवट्याचा फलक लागला, तिच्या सन्मानार्थ सभा पुढे ढकलली. नवी तारीख अजून कुणी सांगितलेली नाही... विचारायलाही कुणी गेलेलं नाही.

दुपारी दार उघडं टाकून वाचत बसायची तिची सवय होती. साजिदानं ती मोडलेली नाही. परवा आम्ही दोघी त्या खोलीत बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली, त्याच मजल्यावर थांबली, बराच वेळ थांबली, आणि खाली उतरली. साजिदानं माझा हात घट्ट धरला. दार लावायला मात्र आम्ही उठलो नाही.