ठिपका नसलेली जागा

आमच्या जिन्यावर बातमी अशी होती, की समोरच्या वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय. भरदिवसा पडदे ओढून त्या निळ्या टॉर्चनं दाराच्या कड्या न्याहाळतात म्हणे. बातमी पसरवण्यात माझाच हात मोठा, म्हणून दुरुस्तीही मीच करतो. डोकं ठिकाणावर आहे. टॉर्च दवाखान्यातली आहे.

वहिनी सतरा वर्षं तिथल्या वॉर्डात साफसफाई करतात. आपल्याच दवाखान्यातले जंतू रुग्णाच्या जखमेत जाऊ नयेत म्हणून तिथं गेल्या वर्षी नवी पद्धत आली. सुपरवायझर बाई आधी गुपचूप न दिसणारे ठिपके लावून ठेवतात आणि सफाईनंतर निळा उजेड टाकतात. ठिपका चमकला, म्हणजे तिथं फडकं फिरलंच नाही. वहिनींचा एकही चमकला नाही. त्यांचा फोटो भिंतीवर लागला.

"कॉपी केलीत का हो?" मी विचारायचो. त्या नुसत्या हसायच्या.

केलीच होती. बाई ठिपके नेहमी त्याच पाच जागी लावायच्या. वहिनी त्या पाच जागा घासघासून पुसायच्या, बाकीच्यांवर घाईत वरवर हात.

मग त्यांचा नवरा, माझा पत्त्यांतला भिडू, खुब्याच्या ऑपरेशनसाठी त्याच वॉर्डात दाखल झाला. नवव्या दिवशी जखम चिघळली. तिसरं औषध चालू आहे, ताप हटत नाही. हेही लागू पडलं नाही तर पुन्हा चिरावं लागेल, आणि ते सोसण्याइतकं बळ त्याच्यात उरलेलं नाही. जंतू कुठून आले ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. वहिनींनी मात्र ठरवून टाकलंय. नर्सला बोलवायच्या बेलचं बटण दिवसभर त्याच्या मुठीत असतं, आणि त्यावर ठिपका कधीच नव्हता.

काल त्या ठिपक्यांची बाटली घेऊन माझ्या दारात आल्या. "भाऊजी, तुमच्याइतका खोडसाळ माणूस बिल्डिंगमध्ये दुसरा नाही. ह्यांच्या खोलीत मला सुचणार नाही तिथं लावा. हे घरी यायच्या आत हात बसायला हवा."

मी वीस लावले. वहिनी दोन तास पुसत होत्या. पडदे ओढून टॉर्च लावली, तर पत्त्यांच्या डबीखाली एकच चमकला.

"विसात एकोणीस," मी म्हणालो. "पुन्हा फोटो लागेल की."

टॉर्च त्यांनी विझवली नाही. "तिथंही एकच जागा राहिली होती, भाऊजी. परत लावा."