टाप्यापर्यंतचा बिनगाड्यांचा रस्ता

सायकलवरून कुठं जायचं म्हटलं की आमच्या दोघींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: तिकडे गाड्या येतात का? देवळं, धबधबे, मिसळ हे सगळं नंतर.

मी कामोठ्याची. म्हणजे सेक्टर पडायच्या आधीच्या कामोठ्याची, आगऱ्यांच्या घरातली. ती पनवेलची, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. घरात मराठीच बोलणारी, माझ्यापेक्षा शुद्ध, आणि शनिवार कडक पाळणारी. बँकेत आम्ही शेजारशेजारच्या काउंटरला बसून म्हाताऱ्या झालो. रिटायर झाल्यावर गुडघे गंजू नयेत म्हणून सायकली घेतल्या. शनिवारी ती सायकलला हात लावत नसे, म्हणून आमचा वार रविवार.

पहिल्याच पावसाळ्यानंतर उरणच्या रस्त्यावर एका ट्रेलरनं तिला असा कट मारला की ती सायकलीसकट गटारात. मी त्या ड्रायव्हरच्या मागे धावत अस्सल आगरी शिव्या घातल्या; पोचल्या नसतील, पण माझं पोट भरलं. ती गटारात बसून हसत होती. हसता हसताच म्हणाली, "यापुढे ट्रेलर दिसला की मी परत फिरणार. मग तू काहीही म्हण." गुडघा सुजला होता, तो पुढे वर्ष-दोन वर्षं तिला छळत राहिला.

तेव्हापासून मी बिनगाड्यांचे रस्ते शोधायला लागले. ते काम माझ्याकडे, कारण ती नकाशा उलटा धरणारी. मोबाइलवरचा नकाशा या बाबतीत काही कामाचा नाही, तो आपला सगळ्यांना हायवेलाच नेऊन घालतो. माझी खूण वेगळी. रस्त्याच्या मधोमध गुरं रवंथ करत बसलेली असली, किंवा लोकांनी डांबरावर भात वाळत घातलं असलं, की समजायचं, हा आपला रस्ता. गावात शिरले की मी माझ्या भाषेवर यायची. "मावशे, पुढं रस्ता हाय का नाय?" मावशी म्हणायची, "हाय, पन तुमी बायका सायकल घेऊन कुठं चालल्याव?" मग चहा व्हायचा. मैत्रीण शुद्ध मराठीत आभार मानायची आणि मावशी माझ्याकडे बघून विचारायची, "ही मास्तरीन हाय का?"

एका रविवारी, साई गावाच्या चढावर सायकली हातात धरून चालताना, ती म्हणाली, "मी नवस बोललेय. पूर्ण झाला तर टाप्याला सायकलने जायचं."

टापा म्हणजे अलिबागजवळ खांडाळ्याला असलेला खडक. त्यांचा पैगंबर, एलियाहू हनाबी, तिथून रथात बसून स्वर्गात गेला, आणि खडकावर रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची खूण राहिली, असं ते मानतात. नवस फेडायला लांबलांबून येतात.

"सायकलने कशाला? एसटी मेलीय का?" मी म्हटलं.

"स्वतःच्या पायांनी जाईन म्हणून बोललेय. आणि ट्रेलर दिसला तर…"

"परत फिरणार, माहीत आहे. नवस कसला आहे?"

"फिटल्याशिवाय सांगू नये."

माझी नजर तिच्या गुडघ्याकडे गेली. पट्टा बांधलेला होता, चढावर ती तोंड वेडंवाकडं करत होती. आणखी काय विचारायचं? देवाकडे माणूस जे दुखतं तेच मागतं.

झालं, मी पेटले. पनवेल ते खांडाळा, एकही ट्रेलर न भेटता. कुणीही म्हणालं असतं, डोकं फिरलंय बाईचं. हायवेला वाहनांची रांग, पेणकडे जावं तर तिथंही तेच, आणि उरणच्या बाजूला कंटेनरचा महापूर. मी तुकडे तुकडे जोडत गेले. शिरढोणच्या मागून निघणारी जुनी बैलगाडीवाट सापडली. चिरनेरच्या टेकडीला वळसा घालणारा जंगलातला कच्चा रस्ता सापडला; तिथं उतारावर मी दोनदा आपटले. पुढे खाडीच्या कडेचे बांध. ते भरतीला चिखल होतात, म्हणून ओहोटीच्या वेळा पाठ केल्या. काही वाटा सापडून हरवल्या. एका टेकडीला खाण लागली आणि डंपर सुरू झाले, तेव्हा मी तिथंच उभी राहून रडकुंडीला आले. ती म्हणाली, "जाऊ दे गं, दुसरी सापडेल. तुला नाही सापडणार तर कुणाला?" एवढ्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर.

शेवटचं कोडं करंजाच्या बंदरात सुटलं. मी उगाच सुकट घ्यायला गेले होते. समोर रेवसची लाँच लागली आणि तिच्यातून एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन उतरला. अरे देवा! समुद्रावर कुठले आलेत ट्रेलर? पलीकडे पूल बांधत आहेत, तो झाला की ही लाँचही जाईल, पण तोवर रस्ता पुरा होता. रेवसला उतरायचं आणि कनकेश्वराच्या पायथ्याने गावागावांतून खांडाळ्याला. मी सुकट विसरून तिला फोन लावला. ती म्हणाली, "सापडला? पुरा?" तिचा आवाज भरून आला होता. मला वाटलं, आनंदाने.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी तिचा फोन आला, "नवस पूर्ण झाला. कधी निघायचं?" गुडघ्याचा पट्टा सुटलाच होता, डॉक्टरांनीही सांगितलं होतं की आता जपायची गरज नाही. मी म्हटलं, "उद्या निघू!" ती म्हणाली, "उद्या शनिवार, वेडे."

रविवारी उजाडता निघालो. इतकी सुंदर सफर मी जन्मात केली नाही. कुड्याच्या झाडांत पक्षी ओरडत होते, वाटेत गुरं बसली होती आणि आम्ही त्यांना घंटी वाजवून नमस्कार करत होतो. चिरनेरचा चढ ती न उतरता चढली. मी मागून ओरडले, "बघ, देवानं नवा गुडघा दिला!" ती पुढे बघतच चालवत राहिली. लाँचमध्ये कोळणींनी सायकलींसाठी टोपल्या सरकवल्या. पूर्ण रस्ताभर एकही ट्रेलर नाही. एकही नाही! मला असं वाटत होतं की हा रस्ता मीच बांधला.

टाप्याला दुपारी पोचलो. तिथं कुणी नव्हतं. तिनं ओढणी डोक्यावर घेतली, डब्यातून मलिदा काढला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वरून वेलची. भोवती केळी, खजूर आणि बाकीची फळं मांडली. एरवी प्रार्थनेला त्यांचे दहा पुरुष लागतात. आता पनवेलला तेवढे जमतच नाहीत. ती एकटीच हलक्या आवाजात हिब्रूत म्हणत राहिली. मी बाजूला हात जोडून बसले आणि मनातल्या मनात त्यांच्या पैगंबराला म्हटलं, हिचा गुडघा असाच ठेव रे बाबा, आम्हाला अजून खूप फिरायचंय.

तिनं माझ्या हातावर मलिदा ठेवला. मी खाल्ला. छान झाला होता, मी पुन्हा मागितला. तेव्हा ती म्हणाली, "माझे कागद आले. मुलीकडे जायला परवानगी मिळाली. कायमची."

तिची मुलगी कितीतरी वर्षं इस्राएलला होती. हिचे कागद कुठंतरी अडकत, परत येत, हे मला माहीत होतं. मी समजत होते की तो विषय संपला.

"नवस याचा होता?"

"हो."

"गुडघ्याचा नव्हता?"

"गुडघ्यासाठी कोण नवस बोलतं गं?"

तोंडातला घास गिळवेना. प्रसाद थुंकता येत नाही. मी तो तसाच गालात धरून सायकलीपाशी जाऊन उभी राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती मागून आली, पण मी तिला हात लावू दिला नाही. मी ओरडले, माझी सगळी आगरी बाहेर आली. "मी दोन वर्सं रस्ता शोधला तो तुला घालवायला? मला सांगायचं नाय?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं, तर शोधला असतास?"

"शोधला असता!" मी म्हटलं. "पण सापडू दिला नसता."

ती रडायला लागली. मग आम्ही त्या उन्हात एकमेकींच्या गळ्यात पडून, लहान पोरींसारख्या हमसून रडलो. ती म्हणत होती, "इथं माझं तुझ्याशिवाय कोण राहिलंय? घरातले सगळे तिकडे. तू एक इकडे." एका माणसासाठी कुणी थांबावं असं तरी कसं म्हणू? पण मला म्हणायचं होतं. अजून म्हणायचं आहे.

रात्र अलिबागला काढून दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परतलो. साईच्या उतारावर तिनं ब्रेक लावला नाही, मी लावला.

ती गेली त्याला आता एक पावसाळा झाला. तिची सायकल तिनं मलाच दिली. ती पोर्चमध्ये आहे, मी तिच्या चाकात हवा भरते. रविवारी एकटीनं निघते, पण शिरढोणच्या पुढे जाववत नाही. वाटा आहेत तशाच आहेत. मावशी विचारते, "मास्तरीन कुठं हाय?" मी सांगते, पोरीकडे गेलीय.

गेल्या आठवड्यात तिनं व्हिडिओ पाठवला. समुद्राच्या कडेनं एक सपाट, गुळगुळीत रस्ता, फक्त सायकलींचा, आणि त्यावर ती नव्या सायकलवर, केस उडत असलेली. मागून तिचा खुशीतला आवाज: "बघ गं, इथं सगळीकडे असेच रस्ते आहेत. गाड्या येतच नाहीत. काही शोधावंच लागत नाही!"

मी लिहिलं, "बरं झालं बाई, सुटलीस." आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ती आता परत येणार नाही.