निळी पडलेली यानं

नाटक कंपनीत तिला सगळे निरोपताई म्हणायचे. उभ्या हयातीत तिच्या वाट्याला मोठी भूमिका कधी आली नाही. आली ती निरोप आणणारीची. कधी मोलकरीण, कधी शेजारीण. आत यायचं, "पाहुणे आलेत" एवढं सांगायचं आणि विंगेत परतायचं. पण ती एक ओळ ती अशी टाकायची, की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूसही सावरून बसे. कंपनीचे पडदे रंगवणाऱ्या माणसाशीच तिने लग्न केलं. त्याला सगळे पडदेवाले म्हणत, अजूनही म्हणतात.

पडदेवाल्यांना अंतराळयानांचं वेड लागलं ते तालमीच्या खोलीत. तिथल्या जुन्या टीव्हीवर एक ब्रिटिश मालिका लागायची, ग्रहताऱ्यांवर भटकणाऱ्या मंडळींची. बाकीचे नट गोष्ट बघत, पडदेवाले भिंती बघत. यानाचं दार लागलं की अख्खी भिंत थरथरायची. "पुठ्ठा आहे," ते खुशीत सांगायचे, "मागे टेकू द्यायला विसरलेत." उडणारं यान दोऱ्याला टांगलेलं आहे आणि त्याचं इंजिन म्हणजे कुठल्यातरी बाटलीचं बूच आहे, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. दुसरा कोणी हसला असता. पडदेवाल्यांना परमुलखात चुलतभाऊ भेटल्यासारखं झालं. चार फळ्या आणि दोन डबे रंग यांत ब्रह्मांड उभं करणारी माणसं तिकडेही होती तर!

पुढे छापील पडदे आले. यंत्रातून सरसर निघायचे, वाळवायलाही लागायचे नाहीत. पडदेवाले घरी बसले. बसले कसले, ब्रश माळ्यावर टाकून कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, ते वर्षभर. वाढलं तर जेवायचे, नाहीतर तेही नाही. निरोपताईने गोडीने सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा खोटंखोटं रडूनही पाहिलं. उपयोग शून्य. मग एके दिवशी शाम्पूच्या बाटलीचं झाकण घरंगळत कॉटखाली गेलं. तिने ते काढून मागितलं. पडदेवाल्यांनी हात घालून काढलं, बोटांत फिरवलं, उजेडाकडे धरलं.

"अगं," ते म्हणाले, "हे इंजिन आहे."

तेव्हापासून घरातल्या एकाही बाटलीला झाकण राहिलं नाही. संपलेली पेनं, तुटकी खेळणी, औषधांच्या डब्या, सगळं जोडून यानं व्हायची. आधी सगळीकडून राखाडी रंग. तो वाळला की खरं काम सुरू. स्पंजाच्या तुकड्याने काळपट डाग थापायचे, इंजिनाशी काजळी फासायची, पेन्सिलीने ओरखडे काढायचे. नवंकोरं यान खोटं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. लाख कोस उडून आलेली वस्तू थोडी मळलेलीच असणार. झालेलं यान ते कुणालाही देऊन टाकत. न्हाव्याकडे एक, शिंपिणीकडे एक, किल्ल्या करणाऱ्याकडे एक.

आता मुद्द्याचं सांगायचं तर ही यानं हळूहळू निळी पडत चालली होती. हे निरोपताईला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा तिला वाटलं, मुद्दाम केलं असेल. पुढचं आणखी निळं निघालं, त्यापुढचं पार आकाशासारखं. आणि पडदेवाले ते हातात धरून म्हणाले, "राखाडी कशी साधलीय बघ." तेव्हा तिला कळलं, हे मुद्दाम नव्हे. ती म्हणाली, "छान." रंगात चूक निघाली तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करील, एवढंच तिला दिसत होतं. एकदा 'छान' म्हटलं की दुसऱ्यांदा म्हणावंच लागतं. तशी चार वर्षं गेली.

मग पडदेवाल्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. आधी उजव्याचं ऑपरेशन ठरलं, डाव्याचं मागाहून. दवाखान्यातली नर्स बोलकी होती. ती म्हणाली, मोतीबिंदूने सगळं पिवळट दिसत असतं, पण ते हळूहळू होतं म्हणून माणसाला कळत नाही. काढला की निळा रंग असा काही उठून दिसतो, की लोक स्वतःच्याच घराच्या भिंतींकडे बघत बसतात. पडदेवाले कौतुकाने ऐकत होते. निरोपताईला मात्र सगळा उलगडा झाला: राखाडी पिवळट दिसायची म्हणून हे नकळत तीत निळा ओतत होते, आणि आता ते निळं त्यांना दिसणार होतं.

ऑपरेशननंतर पडदेवाल्यांना घराबाहेर पडायची बंदी होती. तेवढ्यात तिने डाव साधला. डोळ्याला धूळ चालत नाही, असं सांगून घरातली यानं ट्रंकेत भरली. मग निघाली बाहेरची गोळा करायला. शिंपिणीला सांगितलं, वाळवी लागल्याचा संशय आहे. प्लास्टिकला वाळवी कशी लागेल, हे शिंपिणीने विचारलं नाही, इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं. किल्लीवाल्याला सांगितलं, प्रदर्शनात ठेवायचं आहे. तो इतका खूश झाला, की फडक्याने पुसून दिलं. असा अभिनय तिला कंपनीने कधी करू दिला नव्हता.

अडलं ते न्हाव्यापाशी. त्याने यान खुर्चीच्या बरोबर वर दोऱ्याने टांगलं होतं.

"काकू, हे नाही मिळायचं," तो म्हणाला. "पोरं वर बघत बसतात म्हणून कान शाबूत राहतात त्यांचे. हे उतरवलं तर त्यांची डोकी तुम्ही धरायला येणार का?"

शेवटी तिने त्याला खरं काय ते सांगितलं. न्हावी विरघळला. काका केस कापायला येतील त्या दिवशी उतरवून ठेवतो, असं कबूल झाला.

पण पडदेवाले सांगून थोडेच येणार! बंदी उठल्यावर सकाळीच चपला घालून निघाले आणि निरोपताई त्यांच्यामागे धावली. दुकानात नुकतंच एक मूल खुर्चीतून उतरत होतं. पडदेवाले बसले, गळ्याभोवती कापड आलं, त्यांनी मान मागे टाकली.

यान बरोबर डोळ्यांसमोर आलं. मग म्हणाले, "हे कोणी रंगवलं?"

न्हाव्याने आरशातून निरोपताईकडे पाहिलं. "मीच, काका," तो म्हणाला. "दुकान रंगवलं तेव्हा थोडा रंग उरला होता."

पडदेवाल्यांनी उजवा डोळा मिटला. मग तो उघडून डावा मिटला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. न्हाव्याला वाटलं डोळ्यात केस गेला, तो फडकं घेऊन वाकला. पडदेवाल्यांनी त्याचा हात बाजूला सारला.

"या डोळ्याला निळं दिसतं," ते म्हणाले, "आणि या डोळ्याला राखाडी. उगाच माझी चूक अंगावर घेऊ नकोस. कापायला घे."

घरी आल्यावर त्यांनी ट्रंक उघडायला लावली आणि सगळी यानं खिडकीशी ओळीने मांडली, जुन्यापासून नव्यापर्यंत. राखाडी, निळसर, निळं, गडद निळं.

"तुला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"आणि छान म्हणत होतीस."

"तुम्ही परत झोपाल, अशी भीती वाटायची," ती म्हणाली. "ते वर्ष मी काढलंय. तुम्ही नाही काढलंत, तुम्ही नुसते पडून होता."

पडदेवाल्यांनी गडद निळं यान उचललं आणि खाली बसले. ती कॉटकडे बघू नये बघू नये म्हणत तिकडेच बघत होती.

"पडदा तिरका लागला तर प्रेक्षक सांगत नाही," ते शेवटी म्हणाले. "तो बिचारा भिडेखातर मान तिरकी करून बघतो. विंगेतल्याने सांगायचं असतं गं."

"चुकलं माझं."

"चुकलंच. ती बशी आण. रंगाची."

तिने बशी आणली. त्यांनी पांढरा घेतला, काळा घेतला, निळ्याला उतारा म्हणून थेंबभर पिवळा घेतला, ब्रशने घोटला आणि बशी तिच्यासमोर धरली.

"बोल."

निरोपताईने बशी खिडकीत नेली, उजेडात तिरकी केली. "हिरवट आहे," ती म्हणाली.

"काहीतरीच. कुठे हिरवट?"

"इथे. आणि इथे तर शेवाळ दिसतंय."

"चाळीस वर्षं मी राखाडी घोटतोय."

"आणि चार वर्षं निळा. हिरवट आहे म्हणते ना मी."

पडदेवाल्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. त्यांनी ब्रशाच्या टोकावर तांबड्याचा एक ठिपका घेतला आणि बशी पुन्हा जवळ ओढली. "न्हाव्याचं राहू दे," ते घोटता घोटता म्हणाले. "पोरांना निळंच आवडत असेल. बाकीची सगळी पुन्हा रंगवायला घ्यायची. आता बघ."

"अजून थोडं," ती म्हणाली.