ओटीचा झोला

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. त्या दिवशी आईसाठी घरून आणलेलं प्यायचं सगळं पाणी मी गाडीला पाजलं. चैत्राचं ऊन होतं. सकाळचे साडेदहाच वाजले होते, तरी राजनांदगावच्या पुढे डोंगरगडच्या वाटेवर डांबर मऊ पडलं होतं. आमची पांढरी मोटार दोन उचक्या देऊन उघड्या शेतांच्या मध्ये थांबली. मी बोनेट उघडलं, हात लावला, चटका बसला, आणि तेवढ्या एका चटक्यावर निदान करून मोकळा झालो : रेडिएटर! झाकण फिरवलं तशी फस्सकन वाफ आली आणि दोन बोटं भाजली. तरी शहाणपण आलं नाही. पाण्याचा कॅन उचलला आणि आत उपडा केला. रेडिएटरला तेवढी तहान नव्हतीच. निम्मं पाणी वरून वाहून रस्त्यावर गेलं आणि बघता बघता वाळलं. "अजी, आईले थोडं तं ठेवा," असं बायको म्हणाली तेव्हा कॅन उलटा होता आणि त्यातून शेवटचे थेंब पडत होते.

आता माझा धंदा काय ते ऐका, म्हणजे या मूर्खपणाची खरी गोडी कळेल. मी भिलाईच्या कारखान्यात भट्टीच्या मेंटेनन्सला. ज्या भट्टीचं पाणी क्षणभरसुद्धा बंद पडू द्यायचं नसतं, तिच्या गार पाण्याची सगळी व्यवस्था आमच्या हाती. उष्णता आणि पाणी या विषयावर मी कोणालाही, कुठेही, न विचारता तासभर ऐकवू शकत असे. गाडी मी एका रिटायर होऊन गावी निघालेल्या साहेबांकडून घेतली होती. सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरसमोर ती उभी राहिली तेव्हा मला वाटलं, सायकली आणि स्कूटरच्या या वस्तीत आपण एकदम दोन ग्रेड वर गेलो. पण रोज सकाळी तिला ढकलायला त्याच सायकलवाल्या शेजाऱ्यांना हाका माराव्या लागत. कधी बॅटरी उतरलेली, कधी सेल्फ अडकलेला, कधी कार्बोरेटरमध्ये कचरा. जेट काढून तोंडानं फुंकायची मला इतकी सवय झाली होती, की बायको म्हणे, तुमच्या चहालेही पेट्रोलचा वास येते. हँडब्रेक नव्हताच, त्याच्या जागी डिकीत एक वीट होती. सायलेन्सर तारेनं बांधलेला होता. तरी माझी तिच्यावर माया होती. आजारी माणसावर जास्त जीव लागतो तसंच काहीसं.

डोंगरगडला जायचं ते माझ्या भक्तीमुळे नव्हे. माझा विश्वास पान्यावर आणि पकडीवर. आदल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला होता. दोन महिने ती अंथरुणावर होती, डावा पाय उचलत नव्हता. तेव्हा बायकोनं मला न सांगता डोंगरावरच्या देवीला नवस बोलला : सासूबाई आपल्या पायानं अंगणात आल्या, तर तुझी ओटी भरीन. पुढे आई काठी टेकत अंगणात आली, तुळशीला पाणी घातलं आणि सुनेनं लावलेली मिरची कशी चुकीच्या जागी लावली तेही सांगितलं. तेव्हा ती बरी झाली याबद्दल घरात कोणालाच शंका उरली नाही.

बायकोचं म्हणणं होतं, दुर्गहून पॅसेंजर पकडू, थेट डोंगरगडला उतरू. मी म्हटलं, "घरी गाडी असताना गाडीनं कावून जायचं?" हा विनोद मला फार आवडला होता. तो मी दोन दिवस सगळ्यांना ऐकवत होतो.

आई मागच्या सीटवर, मांडीवर कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. पिशवीत ओटीचं सामान होतं : भंडाऱ्याहून मागवलेला हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या. दर्शन होईपर्यंत काही खायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. मी सेल्फ मारत राहिलो आणि बॅटरीनं मान टाकली. अंगातला शर्ट भिजून चिकटला. तेवढ्यात आईचा आवाज आला, "बापू, पानी दे रे घोटभर." मी रिकामा कॅन हातात घेऊन तसाच उभा राहिलो. जरा वेळानं तिनं पाणी मागणंही सोडलं. तेव्हा मी कॅन टाकून मागचं दार उघडलं. तिचा चेहरा लाल झाला होता, कातडी कोरडी आणि तापलेली होती, डोळे मिटत चालले होते. हात मात्र पिशवीवरून सुटले नव्हते. बायको पदरानं वारा घालत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा देवीला काही म्हणालो असेन तर ते त्या वेळी, आणि तेही धड प्रार्थना नव्हती. "बाई, माझ्या चुकीचं हिच्यावर नको काढू," एवढंच तोंडातून निघालं.

शेताच्या बांधावरून एक बाई आली. पन्नाशीची असेल, डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली, हातात झाकलेली डेचकी. सकाळपासून झाडाखाली मोह वेचून घरी निघालेली दिसत होती. तिनं गाडीत डोकावून पाहिलं आणि एकदम ओरडली, "डोकरी दाई ला झोला धर ले हे, बाबू! झोला!"

वीस वर्षं मी भिलाईत आहे. हिंदीत भांडू शकतो, हो म्हणायला छत्तीसगढीतलं "हव" म्हणू शकतो. पण मला त्या क्षणी ऐकू आलं ते असं, की म्हाताऱ्या बाईनं झोला धरलाय. धरला तर होताच! समोर दिसतच होता. मला वाटलं, हिचा डोळा ओटीच्या पिशवीवर आहे. मी चिडून म्हटलं, "हाँ हाँ, पकड़ा है झोला, तो क्या हुआ?" बाई माझ्याकडे, उन्हानं आधी माझंच डोकं फिरलं असावं अशा नजरेनं बघू लागली.

"अजी, लू लागली म्हणते ती आईले!" बायको ओरडली. "झोला म्हणजे लू! ऊन लागणं! भाजीवाली रोज म्हणते. तुम्ही सरका तिकडं."

मी सरकलो. त्या दिवशी मी केलेलं ते पहिलं उपयोगाचं काम. बायकोनं आईच्या हातून पिशवी घेतली, आत हात घातला आणि क्षणाचाही विचार न करता हिरवा खण ओढून काढला. बाईनं बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथं, जेमतेम वीस पावलांवर, पाण्याची डबरी, म्हणजे छोटं तळं, होती. अर्धा तास मी बोनेटमध्ये डोकं खुपसून पाणी पाणी करत होतो आणि पाणी माझ्या पाठीमागे होतं. बायको धावत जाऊन खण भिजवून आली. देवीच्या ओटीचा खण आईच्या कपाळावर, मानेवर, तळव्यांवर फिरू लागला. बाईनं डेचकीचं झाकण काढलं. आत बासी होती, रात्रीच्या भातात घातलेलं पाणी. तिनं पदराच्या गाठीतलं मीठ त्यात चुरलं, आईची मान आपल्या हातावर घेतली आणि म्हणाली, "पी ले दाई, बासी के पानी ए."

माझी आई म्हणजे शेजारणीच्या हातचं पाणी पितानाही भांडं कोणी घासलं ते विचारणारी. त्यात उपास. तरी ती प्यायली. एक घोट, दोन घोट, मग डेचकीला स्वतःचाच हात लावून. थोड्या वेळानं डोळे उघडले, त्या अनोळखी चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि बोलली, "मीठ जरासं कमी हाय, बाई."

बायको एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी गाडीच्या पलीकडे गेलो. माझे डोळे कोणी पाहू नयेत म्हणून पुन्हा बोनेटमध्ये डोकं घातलं.

ती बाई माझ्या मागोमाग आली. इंजिनाकडे बघून हसली. "गाड़ी ला घलो झोला धर ले हे." म्हणजे गाडीलासुद्धा. इंजिनाला लागून असलेल्या पेट्रोल पंपाच्या खालची छोटी काचेची वाटी दाखवून म्हणाली, "देख, एखर पेट डबकत हे." मी वाकून पाहिलं. वाटीतलं पेट्रोल खरंच बुडबुडे देत उकळत होतं. तिनं आईच्या कपाळावरचा खण उचलला, पुन्हा भिजवून आणला आणि लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा त्या पंपावर ठेवला. "जुड़ाही त रेंगही," ती म्हणाली. थंड झाली की चालेल. मराठीत गाडी 'रेंगेल' हा तसा अपमानच, पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तिचं इतकं अचूक वर्णन कोणी केलं नव्हतं.

तेव्हा मला भिलाईच्या पावर हाउस भागातला, आमची गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री आठवला. निघायच्या आदल्या दिवशी तो हेच सांगत होता, "साहब, धूप में पंप पे गीला कपड़ा..." आणि मी त्याचं वाक्य तोडून भट्टी कशी थंड ठेवतात ते त्याला समजावू लागलो होतो. बिचारा हातातला पाना खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसला होता.

पाव तासानं हँडल लावलं. तिसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू झाली. आई मागून म्हणाली, "चालू झाली का? आता बंद नको करू, बापू."

निघण्याआधी बायकोनं त्या बाईला थांबवलं. रस्त्याच्या कडेला, तापलेल्या बोनेटशेजारी, तिला हळद-कुंकू लावलं. त्या बाईनं पदर पसरला, बायकोनं त्यात नारळ, तांदूळ, बांगड्या घातल्या आणि वाकून नमस्कार केला. खण तेवढा इंजिनावर होता. बाईनंच हातानं खुणावलं, तो तिथंच असू दे. मग तिनं टोपलीतली ओंजळभर मोहाची फुलं बायकोच्या पदरात टाकली, टोपली डोक्यावर चढवली आणि बांधावरून निघून गेली. नाव विचारायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

डोंगरगडला पोचलो. पायथ्याशी दुकानांची रांग होती. खण, नारळ, बांगड्या, सगळं टांगलेलं. मी गाडी थांबवली. बायकोनं दुकानांकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला खालच्या मंदिरात सावलीत बसवून ती रिकाम्या हातांनी पायऱ्या चढून गेली आणि तासाभरानं तशीच खाली आली. चेहरा मात्र माहेराहून आल्यासारखा होता.

त्यानंतर पुष्कळ उन्हाळे गेले. मी तर्कानं चालणारा माणूस. पेट्रोल कशानं उकळतं आणि ओल्या कापडानं का निवतं, ते मला माहीत आहे. लूवर बासीचं पाणी देतात हेही छत्तीसगढमधलं पोर सांगेल. यात चमत्कार कुठला, असं कोणी विचारेलही. मला फक्त एवढं दिसतं, की आमच्याजवळचं पाणी, आईचा उपास, देवीचा खण आणि माझी अक्कल, यातलं एकही वाचलं नाही, आणि आई वाचली. सगळे आधीच सांगून चुकले होते : बायको, मिस्त्री, ती बाई. मीच बोलत होतो. मोठ्या माणसांची शरणागती मोठी असेल. माझ्यापुरतं शरण जाणं म्हणजे तोंड बंद ठेवायचं आणि "तुम्ही सरका" म्हटलं की सरकायचं. खण तेव्हापासून गाडीतच राहिला. तेलानं काळा झाला, तरी हिरवा काठ दिसत असे. गाडी विकली तेव्हा तो मी काढून घेतला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आई झोपली. बायको वर्तमानपत्रावर मोहाची फुलं पसरत बसली होती. मी जरा भीत भीतच विचारलं, नवस तर ओटीचा होता, पायथ्याशी सगळं मिळत होतं, मग रिकाम्या हातानं कावून गेली?

तिनं मान वर न करता फुलं सारखी केली आणि म्हणाली, "अजी, एकाच बाईची ओटी एका दिवसात दोनदा भरत असतेत काय?"